पुत्युलातले सात दिवस

मंगळवार, ७ एप्रिल २०२६
आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये २८:११-१५
सोबत वाचा: लूक २४:१३-३५

 

शुक्रवार ते रविवार अशी जोडून सुट्टी आली आणि तुमचे स्टेटस बघता बघता माझा घरबसल्या अर्धा महाराष्ट्र फिरून झाला. कुणी अलिबागला, कुणी दापोलीला, कुणी आमच्याच बाजूला माळशेजला. त्यातच तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला: ताई, ईस्टरची सुट्टी आपली मंडळी सोडून समुद्रावर घालवली तर ते चूक आहे का?

हो किंवा नाही म्हणण्याआधी आपण एका माणसाचे समुद्रकिनाऱ्यावरचे सात दिवस पाहू या. किनारा इटलीचा आहे आणि माणूस पौल आहे. त्याच्या या मुक्कामाला सुट्टी म्हणायचं तर जरा जपूनच, कारण तो कैदी होता. पुढे याच अध्यायात तो स्वतःच्या साखळीचा उल्लेख करतो.

वचन काय सांगतं

मागची गोष्ट थोडक्यात आठवू. पौलाने कैसराकडे दाद मागितली म्हणून त्याला कैसरियाहून रोमला पाठवलं. वाटेत वादळ लागलं. चौदा रात्री जहाज भरकटलं आणि शेवटी मेलिता बेटाजवळ, म्हणजे आजच्या माल्टाला, फुटलं. जहाजावरची २७६ माणसं मात्र सगळी वाचली. हिवाळ्याचे तीन महिने त्या बेटावर गेले. मग आलेक्सांद्रियाचं एक जहाज मिळालं. आधी सुराकूस, तिथे तीन दिवस. मग रेगियम. दक्षिणेचा वारा सुटला आणि दुसऱ्याच दिवशी पुत्युला. साल साधारण इ.स. ६०, आणि समुद्र नुकताच प्रवासाला मोकळा झालेला, म्हणजे हिवाळा सरून वसंत लागायच्या सुमाराचे दिवस.

पुत्युला म्हणजे आजचं पोझ्झुओली, नेपल्सच्या पश्चिमेला. तिथे काय झालं ते लूक अगदी मोजक्या शब्दांत सांगतो. तिथे बंधुजन भेटले. त्यांनी राहायची विनंती केली. आम्ही सात दिवस राहिलो.

मला इथे नेहमी गंमत वाटते. हाच लूक आदल्या अध्यायात समुद्राची खोलीसुद्धा सांगतो: आधी वीस वाव, मग पंधरा वाव. वादळातला एकेक तपशील त्याने टिपून ठेवला आहे. आणि या सात दिवसांबद्दल? कुणाचं घर, कोण माणसं, काय खाल्लं, पौल काय बोलला, काहीच नाही. वादळाचं वर्णन पानभर आणि विसाव्याचं एका ओळीत. ज्याने खूप सोसलं आहे त्याला हे कळेल. विसावा मिळाला की माणूस टिपणं काढत नाही, तो झोपतो.

कसलं गाव होतं ते

पुत्युला हे त्या काळचं मोठं बंदर. इजिप्तमधून येणारी धान्याची जहाजं इथे लागत आणि त्या धान्यावर रोम शहर जेवत असे. सेनेका नावाच्या रोमी लेखकाने त्याच दशकात एका पत्रात लिहून ठेवलंय की, आलेक्सांद्रियाची जहाजं दिसली की सगळं गाव धक्क्यावर लोटायचं. हा सेनेका म्हणजे प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये पौलासमोर न्यायासनावर बसलेल्या गल्लियोचा भाऊ. जग तेव्हाही लहानच होतं!

आणि आपल्यालाही ते गाव वाटतं तेवढं परकं नाही. तुमच्यातले ट्रेकवाले नाणेघाटात गेलेच असतील. आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून चढणारी ती जुनी वाट, वरच्या गुहेतले सातवाहनांच्या काळातले ब्राह्मी लेख, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. जुन्नरकडचा माल त्या घाटाने उतरून कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तकात ही दोन्ही बंदरं नावाने आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला माल तांबड्या समुद्रातून नाईल नदीला, तिथून आलेक्सांद्रियाला आणि तिथून याच पुत्युलाला जात असे. १९३८ साली जवळच्या पाँपेई गावाच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि अभ्यासक तिची तुलना धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे सापडलेल्या मूर्तीशी करतात. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. म्हणजे पौल पुत्युलाला उतरला तेव्हा ते गाव अजून नांदतं होतं.

हे सगळं अशासाठी सांगितलं की डोळ्यांसमोर धक्का यावा. पोती, गाठोडी, हमाल, दलाल, दहा भाषांचा गोंगाट. त्या गर्दीत शिपायांच्या पहाऱ्यात एक थकलेला कैदी उतरतो. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे? तरी त्याच गावात काही माणसं अशी होती ज्यांनी त्याला घरी नेलं. तिथे मंडळी कुणी सुरू केली, ते वचन सांगत नाही. पौलाने तर नक्कीच नाही, तो पहिल्यांदाच येत होता. देवाने त्याच्यासाठी आधीच तिथे घर उघडून ठेवलं होतं.

माझ्या भाचीचा ईस्टर

आता इटलीच्या याच किनाऱ्यावरची दुसरी गोष्ट. तिची परवानगी घेऊन लिहितेय.

माझी भाची जानेवारीपासून कंपनीच्या कामासाठी नेपल्सला आहे. गेल्या जुलैत तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, प्रभूकडे गेला. हा त्याच्याशिवायचा पहिला ईस्टर. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात उपासना असते. अंधार असतानाच मेणबत्त्या आणि फुलं घेऊन जायचं, आपापल्या माणसांच्या कबरी सजवायच्या, आणि उजाडताना पुनरुत्थानाची गाणी म्हणायची. भाचीला सुट्टी मिळत होती, तिकीटही बघून झालं होतं. मार्चमध्ये तिचा मला फोन आला.

"आत्या, मी नाही येत. मला ती माती बघवणार नाही. सोमवारी ऑफिसचे सगळे समुद्रावर जाणार आहेत, मीपण जाते."

मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, इकडे म्हणच आहे: नाताळ घरच्यांबरोबर, ईस्टर हव्या त्याच्याबरोबर.

ही म्हण खरंच आहे तिकडे. तिकडचं सुट्टीचं गणितही आपल्यापेक्षा वेगळं. इटलीत उत्तम शुक्रवारी सरकारी सुट्टी नसते, लोक कामावर जातात. सुट्टी असते ती ईस्टरनंतरच्या सोमवारी. त्या दिवसाला देवदूताचा सोमवार म्हणतात, रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना भेटलेल्या देवदूताच्या आठवणीने. घरोघरचे लोक डबे बांधून डोंगरावर, समुद्रावर जातात. आपल्याला सुट्टी क्रुसाच्या दिवशी, त्यांना कबर रिकामी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. विचार करण्यासारखं आहे. शोक करायलाही वेळ लागतो आणि आनंद करायलाही, आणि आपल्यातल्या बहुतेकांना यातलं एकच नीट जमतं.

वहिनीला मात्र हे फार लागलं. "बापाचा पहिला ईस्टर, आणि पोरगी समुद्रावर चालली," एवढंच ती म्हणाली, आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मी वहिनीबरोबर बसून लूक २४ वाचलं. पुनरुत्थानाच्याच दिवशी दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला निघाले आहेत. कबर रिकामी असल्याची बातमी त्यांच्या कानावर आली आहे, तरी ते चाललेत. का? कारण त्यांना ते शहर सोसवत नाही. जिथे आपलं माणूस गेलं, तिथे पाय थांबत नाहीत. आणि प्रभू काय करतो? तो त्यांना रस्त्यात अडवून, आधी मागे फिरा, असं म्हणत नाही. ते ज्या दिशेला चाललेत त्याच दिशेला त्यांच्याबरोबर चालू लागतो, चांगले दहा-अकरा किलोमीटर. त्यांना सगळं बोलू देतो. वचन उलगडून सांगतो. संध्याकाळी तेच म्हणतात, राहा आमच्याकडे. तो राहतो. भाकर मोडतो तेव्हा त्यांना ओळख पटते. मागे फिरतात ते त्यानंतर, आपणहून, रात्रीच्या रात्री.

वहिनी बराच वेळ गप्प बसली. मग शनिवारी रात्री तिने लेकीला फोन केला. "ये म्हणत नाही मी तुला. पण पहाटे फोन चालू ठेव."

आमची उपासना साडेपाचला. तिकडे तेव्हा रात्रीचे दोन. वहिनीने व्हिडिओ कॉल लावला आणि पहिल्याच रिंगला तो उचलला गेला. पोरगी जागीच होती. वहिनीने आधी मेणबत्त्या दाखवल्या, मग झेंडूची फुलं, मग जमलेली माणसं. मग विचारलं, "दाखवू का?" पलीकडून काहीच आवाज नाही. थोड्या वेळाने आलं, "दाखव." दादाचा क्रूस दिसेल असा फोन धरून वहिनी पूर्ण गाणं होईपर्यंत तशीच उभी राहिली. भाची गायली नाही. पण तिने फोनही ठेवला नाही.

दुपारी ती जेवायला गेली ती ऑफिसातल्या एका मुलाच्या आजीकडे. पोझ्झुओलीतच. त्या मुलाने महिनाभरात तीनदा विचारलं होतं, आणि हिने दोनदा टाळलं होतं. आजीला इंग्रजी येत नाही, हिला इटालियन चार शब्द. जेवणानंतर पास्तिएरा नावाचा ईस्टरचा गोड पदार्थ आला. त्यात अख्खे शिजवलेले गहू असतात. हिला आपली गव्हाची खीर आठवली आणि डोळे भरून आले. आजीने नातवाला विचारायला लावलं, घरचं कोण आठवतंय? हिने सांगितलं. आजी काहीच बोलली नाही. दुसरा तुकडा कापला, कागदात बांधला आणि तिच्या पिशवीत ठेवला.

काल, सोमवारी, सगळे समुद्रावर गेले. संध्याकाळी तिने मला एक फोटो पाठवला. पोझ्झुओलीत जुन्या रोमी बाजाराचे तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत. जमिनीपासून बऱ्याच वर त्यांना बारीक भोकं पडलेली दिसतात. ती समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली आहेत. तिथली जमीन ज्वालामुखीमुळे शतकानुशतकं हळूहळू खाली जाते आणि पुन्हा वर येते. एकेकाळी ते खांब अर्धेअधिक समुद्रात होते, तरी पडले नाहीत. फोटोखाली तिने लिहिलं होतं: "आत्या, बाबा असते तर त्यांनी त्या आजीला रेसिपी विचारली असती."

नऊ महिन्यांत बाबांचं नाव तिने आपणहून पहिल्यांदा काढलं. यापेक्षा जास्त काही झालं असं मी म्हणणार नाही. दुःख संपलेलं नाही. पण वचन वाचायला माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

यातून आपण काय शिकतो

पहिली गोष्ट. पुत्युलाला पौल आणि त्याच्या सोबत्यांना बंधुजन आपोआप दिसले नाहीत. लूकच्या मूळ शब्दाचा अर्थ, शोधून सापडले, असाही होतो. एवढ्या मोठ्या बंदरात विचारपूस केल्याशिवाय विश्वासी माणसांचं घर सापडत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: समुद्रावर जाण्यात चूक नाही. उठल्यानंतर प्रभू स्वतः समुद्रकिनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून, मासळी आणि भाकर घेऊन शिष्यांची वाट बघत होता (योहान २१). पण जिथे जाल तिथे शोधा. हॉटेल शोधता, चांगली थाळी कुठे मिळते ते शोधता. तिथल्या मंडळीची वेळ शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी गोष्ट. त्यांनी विनवलं आणि पौल राहिला. बायबलमध्ये पौल सतत देताना दिसतो: शिकवतो, पत्रं लिहितो, वर्गणी गोळा करतो. इथे तो फक्त घेतो. रोमच्या मंडळीला त्याने आधीच लिहिलं होतं की, तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला उत्तेजन मिळावं (रोम १:१२). ते त्याने इथे खरं करून दाखवलं. आपण तरुण लोक मदत करायला पटकन पुढे होतो, पण कुणी आपल्याला जेवायला बोलावलं की म्हणतो, उगाच कशाला त्रास. तीनदा विचारणाऱ्याला एकदा तरी हो म्हणा. त्या हो मधून देव काय देणार आहे ते आपल्याला आधी कळत नाही.

तिसरी गोष्ट, आणि ही घरी राहिलेल्यांसाठी. सात दिवसांनंतर पौल रोमच्या वाटेला लागला. तिथल्या बंधूंना बातमी लागली आणि ते त्याला सामोरे आले. काही जण तीन उतारशाळांपर्यंत, रोमहून सुमारे ५० किलोमीटर. काही त्याहून पुढे अप्पियाच्या पेठेपर्यंत, सुमारे ६५ किलोमीटर. म्हणजे सीएसएमटीहून निघून थेट टिटवाळ्यापर्यंत यायचं, आणि तेही एका कैद्याला भेटायला. त्यांना बघून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला, असं लूक सांगतो. वादळात सगळ्यांना धीर देणारा हाच पौल! त्यालाही धीर लागत होता. आणि तो कुठल्या दर्शनातून आला नाही, रस्त्यावर उभ्या असलेल्या धुळीने माखलेल्या माणसांना बघून आला.

वहिनीने पहाटे साडेपाचला केलं ते हेच. लेक जिथपर्यंत येऊ शकत होती तिथपर्यंत ती सामोरी गेली. ये म्हणून हट्ट धरला नाही, आणि जा म्हणून हातही झटकले नाहीत.

एक आमच्या बाजूचंही सांगते. लाँग वीकेंडला तुम्ही नाशिक हायवेने किंवा मुरबाडकडून इकडे येता, भातसाच्या पाण्यापाशी फोटो काढता. या, जरूर या. आसनगावला उतरलात की शहापूरला रिक्षा मिळते, आणि आमची छोटी मंडळी रविवारी एका घरात भरते. पण हेही ध्यानात ठेवा. मुंबईच्या नळाला येणारं पुष्कळसं पाणी भातसा, तानसा अशा आमच्याच धरणांतून जातं, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. तरी तुम्ही दारात आलात तर पहिला तांब्या तुमच्या हातात येईल. तो घ्या, पूर्ण प्या, ओतून देऊ नका. पाहुणा होणं हेसुद्धा शिकावं लागतं.

आज एवढं करा

- परवाच्या सुट्टीत तुम्हाला कुणी घरात घेतलं, जेवू घातलं, वाट दाखवली? त्या माणसाचं नाव घेऊन आज आभार माना, आणि त्यालाही तसं कळवा.
- या ईस्टरला उपासनेत कोण दिसलं नाही? का आला नाहीस, असं विचारू नका. फोन करा, आणि त्याला जिथपर्यंत येता येईल तिथपर्यंत तुम्ही सामोरे जा.
- तुमच्या घरी यंदा कुणाची खुर्ची रिकामी असेल, तर प्रेषितांची कृत्ये २८:१५ वाचा आणि स्वतःला विचारा: मला धीर देण्यासाठी देवाने कुणाला रस्त्यावर आणून उभं केलंय?

प्रार्थना

प्रभू येशू, तू अम्माऊसच्या वाटेवर, दूर चाललेल्यांबरोबर चाललास. आमच्यातलं जे कुणी आज घरापासून, मंडळीपासून, कबरेच्या मातीपासून दूर आहे, त्याच्याबरोबर तू चाल. परक्या गावात आम्हाला भाऊबहिणी शोधायला शिकव, आणि त्यांनी राहा म्हटलं की राहायला शिकव. आमच्या दारातून जाणाऱ्या थकलेल्या माणसाला ओळखता येईल असे डोळे दे. पायांखालची जमीन खाली जाते तेव्हा आम्हाला उभं ठेव. तू उठला आहेस, एवढ्याच आधारावर मागतो. आमेन.